सवलतीचा शिलालेख आणि पडीक शेत

केमसारख्या सोलापूर जिल्ह्यातील गावांत इनाम, वतन, सारामाफी हे शब्द कोणास समजावून सांगावे लागत नाहीत. जमीन लेखी मिळणे आणि ती प्रत्यक्ष पिकणे यांतील अंतरही तेथील शेतकरी जाणतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील क्रमांक ३ च्या लेण्यात हेच अंतर दोन शिलालेखांत कोरलेले आहे. त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने राज्यवर्ष १८ मध्ये गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित यास आज्ञा केली की, कखडी गावातील, आजवर उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीवरील प्रव्रजितांस द्यावे. उषवदात हा क्षहरात नहपानाचा जावई, म्हणजे पराभूत पक्षाचा. शेतासोबत 'परिहार', म्हणजे सवलती दिल्या. अपावेस : राजपुरुषांनी आत शिरू नये. अनोमस : हात लावू नये. अलोणखादक : मिठासाठी खणू नये. अरठसंविनयिक : प्रांताच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये. हे सारे नकार राजाच्याच नोकरांना उद्देशून आहेत. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात ज्या वतनासंबंधी विधेयक मांडले, तेथे जमीन ही माणसाला राबवून घेण्याचे साधन होती. परिहाराने बांधला गेला तो अधिकारी.

दगडावर सवलती कोरण्याची रीत ग्रीसमध्येही होती. इ. स. पूर्व ४०५ मध्ये अथेन्सचे आरमार बुडाल्यावरही सामोस हे मित्रनगर निष्ठावंत राहिले. अथेन्सने सामोसवासीयांना आपले नागरिकत्व दिले. तीस जणांची जुलमी राजवट कोसळल्यावर इ. स. पूर्व ४०३ च्या सुमारास तो ठराव पुन्हा कायम झाला. शिळेवर अथेना आणि हेरा या दोन्ही नगरांच्या देवता हस्तांदोलन करताना दिसतात. त्रिरश्मीवर इंद्राग्निदत्त या यवनाने लेणे कोरविले हे खरे. पण त्यावरून ही पद्धत ग्रीकांकडून आली असे मात्र कोणी समजू नये. लुंबिनी गावास बलि माफ करून भाग आठव्या हिश्शावर आणल्याचे सम्राट अशोकाने तेथील स्तंभावर त्याआधीच कोरविले होते.

आता पुढचा लेख. राज्यवर्ष २४ मध्ये राजा व राजमाता यांची आज्ञा अमात्य श्यामकास गेली. तीत स्पष्ट म्हटले आहे की, कखडीचे शेत कसले जात नाही, गावही वसत नाही. म्हणून नगरसीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने भिक्खूंना द्यावीत. सहा वर्षे सवलती होत्या, धान्य नव्हते. मिळाले तेही निम्मेच. तरीही राजसत्तेने आपले दान निष्फळ ठरल्याचे लपविले नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. नव्या शेतासही पूर्वीचेच परिहार लागू केले, आणि ही आज्ञा जुन्या आज्ञेच्या खाली, त्याच भिंतीवर कोरली गेली.