घडीची सायकल आणि दोन हात

सायकलवर ओझे कसे लादावे हे आपल्या गावाकडे कुणाला शिकवावे लागत नाही. पहाटे दूध घालायला निघालेला गवळी पाहा. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही अंगांना त्याच्या किटल्या लटकत असतात आणि त्या सारख्याच भरलेल्या असतात. एक भरलेली आणि एक रिकामी, असे तो कधी नेणार नाही. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घेऊन दख्खनभर हिंडत, तेव्हाही गोणीचे दोन्ही भाग बैलाच्या दोन्ही कुशींवर सारखे पडत. घोडेस्वाराची पडशीही याच जातीची.

युरोपात सायकलच्या बाजूच्या पिशवीला पॅनिअर म्हणतात. या शब्दाचे मूळ आहे लॅटिनमधली भाकरीची टोपली. गंमत अशी, की आपण चहात बुडवून खातो तो ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, आणि त्याचेही मूळ त्याच लॅटिन भाकरीत आहे. म्हणजे सायकलची पिशवी आणि आपला पाव हे दूरचे भाऊबंद झाले.

पण वाचकहो, आज मला सांगायचे आहे ते एका वेगळ्या सायकलीविषयी. घडीची सायकल आता आपल्या शहरांत दिसू लागली आहे. चाके लहान, दांड्यात बिजागरी. मिटली की ती बाकाखाली मावते. साधी सायकल प्रवासभर आपले ओझे वाहते. घडीची सायकल थोडा प्रवास आपल्याला वाहते आणि उरलेल्या प्रवासात स्वतःच आपले ओझे होऊन बसते. एस.टी.त चढताना, आगगाडीत शिरताना, जिना चढताना तिला हातात घ्यावे लागते. मग बरोबरचे सामान कुठल्या हातात घ्यायचे? हात तर दोनच!

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, फलाटावर भेटला. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी कऱ्हाडहून घडीच्या सायकलीवर निघालो. पाटणच्या बाजूला दोन घरांत मोडी कागद होते, ते पाहून टिपणे केली. पुढे कोयनानगरावरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठले. माझ्याजवळ तीन पिशव्या होत्या. एक हँडलला लटकवलेली, एक मागे सुतळीने बांधलेली, आणि एक खांद्यावर. घाटात हँडलवरची पिशवी झोके घेऊ लागली आणि तिच्याबरोबर पुढचे चाकही लटपटू लागले. मागून मालट्रक येत होता. मी पाय टेकले आणि उतरून उरलेला घाट चालत उतरलो, म्हणून आज हे लिहायला शाबूत आहे.

पण खरी शिक्षा पुढेच होती. एका लहान स्टेशनावर गाडी अगदी थोडा वेळ थांबली. मी सायकल आत चढवली, एक पिशवी आत ठेवली, दुसरी ठेवली, आणि तिसरीसाठी वळतो तोच गाडी हलली. फलाटावर राहिली ती नेमकी टिपणांची पिशवी. चार दिवसांची मेहनत, आणि ज्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विश्वासाने दप्तर सोडून दाखवले त्यांचा शब्द, दोन्ही त्या पिशवीत होते. पुढच्या स्टेशनावर उतरून संध्याकाळी परत आलो. चहाची किटली घेऊन बसलेल्या एका बाईंनी पिशवी बाकाखाली सरकवून ठेवली होती. म्हणाल्या, “आत नुसते कागदच दिसले. म्हटलं, कुणा मास्तराचीच असणार!”

इतिहास शिकवणाऱ्या माणसाची खोड अशी, की ठेच लागली तरी तो आधी विचारतो, या दगडाला पूर्वी कोण कोण अडखळले? म्हणून शोध घेतला. तेव्हा कळले, की घडीच्या सायकलीचा इतिहास हा बराचसा या दोन हातांचाच इतिहास आहे.

लष्करापासून सुरुवात करू. १८९० च्या दशकात फ्रेंच सैन्यातील आंरी जेरार या अधिकाऱ्याने आणि शार्ल मोरेल या कारखानदाराने घडीची सायकल पुढे आणली. कल्पना साधी होती. रस्ता असेल तिथे शिपाई सायकलवर बसेल. रस्ता संपला, की सायकल मिटून पट्ट्यांनी पाठीवर घेईल. हात मोकळे राहिले, बंदूक धरता आली. पण शिपायाची पाठ ही काही रिकामी जागा नव्हती. तिथे त्याची पडशी असे. सायकल पाठीवर आली, की पडशीने कुठे जावे? पहिल्या महायुद्धात इटलीच्या बेर्सालिएरी पलटणींनीही घडीच्या सायकली पाठीवर वाहिल्या. त्यांच्यापुढेही हेच कोडे होते.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या बी.एस.ए. कारखान्याने छत्रीधारी सैनिकांसाठी घडीची सायकल बनवली. दांड्यावरचे दोन चाप हाताने पिळून सैल केले, की ती मधोमध दुमडत असे. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कॅनडाचे सैनिक उतरले, त्यांतल्या काही तुकड्यांजवळ अशा सायकली होत्या. त्या दिवसाची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. पाठीवर सामान, हातात सायकल, आणि पायाखाली पाणी. त्या चित्रात आपले फलाटावरचे कोडेच दिसते. फरक इतकाच, की माझी पिशवी राहिली होती, तिथे जीव राहत होता.

आता एक उलटे उदाहरण घ्या. १९५४ साली व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूची लढाई झाली. डोंगरातून तोफगोळे आणि तांदूळ पोचवण्याचे बरेचसे काम साध्या सायकलींनी केले. एकेका सायकलवर २०० किलो आणि त्याहूनही अधिक ओझे लादले जाई. त्यावर कुणी बसत नसे; माणूस बाजूने चालत ती ढकलत नेई. ओझे दांड्याच्या दोन्ही अंगांना, दोन चाकांच्या मध्ये बांधलेले असे. हँडलला एक लांब बांबू जोडून त्याने दिशा सांभाळली जाई. यातले मर्म ध्यानात घ्या. ओझे सायकलीच्या अंगावर होते, हँडलवर नव्हते. दिशा देणारा अवयव मोकळा ठेवला होता. कुंभार्ली घाटात मी नेमके याच्या उलट केले होते.

हेच तत्त्व पुढे एका इंग्रज अभियंत्याने लहान चाकांच्या सायकलीत आणले. त्याचे नाव ॲलेक्स मोल्टन. मिनी मोटारीचे रबरी झटकेशोषक त्यानेच तयार केले होते. १९५६ च्या सुएझच्या संकटात इंग्लंडात पेट्रोल रेशनवर गेले, तेव्हा त्याचे लक्ष सायकलीकडे वळले. १९६२ साली त्याची १६ इंची चाकांची सायकल बाजारात आली. ती घडीची नव्हती. तिचा एक प्रकार तेवढा दोन तुकड्यांत सुटा होत असे. पण चाक लहान केल्यावर चाकाच्या वर पुष्कळ जागा रिकामी होते, हे त्याने हेरले. त्या जागेत त्याने रुंद कॅरिअर बसवले. पुढचे कॅरिअर त्याने हँडलला न जोडता दांड्याला जोडले. हँडल वळले तरी सामान वळत नसे. मोठ्या चाकाच्या सायकलीवर जी पिशवी उंचावर बसते, ती इथे खाली बसली आणि सायकल स्थिर झाली.

तरी एका हाताने उचलण्याचा प्रश्न उरलाच होता. तो लंडनच्या अँड्र्यू रिची या तरुणाने सोडवला. १९७० च्या दशकाच्या मध्यावर त्याने आपल्या राहत्या खोलीत सायकलीचा पहिला नमुना तयार केला. खिडकीसमोर ब्रॉम्प्टन नावाचे चर्च होते, तेच नाव त्याने सायकलीला दिले. पुढे बरीच वर्षे पैशासाठी खेपा घालाव्या लागल्या. मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले ते १९८८ साली. या सायकलीत हँडलची दांडी ज्या नळीतून जाते, त्या नळीवरच एक लहानसा ठोकळा बसवता येतो. पिशवी त्यावर सरकवली, की खटकन बसते. कळ दाबली, की सुटते. एका हातात मिटलेली सायकल, दुसऱ्या हातात पिशवी. झाले! जेरारच्या शिपायाला जे जमले नव्हते ते या ठोकळ्याने साधले. मात्र त्या ठोकळ्यावर १० किलोंपेक्षा अधिक वजन घालू नये, असा दंडक आहे.

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात युजीन या गावी शोल्झ बंधूंनी १९९२ पासून घडीच्या सायकली बनवायला घेतल्या. त्यांनी आणखी निराळी वाट काढली. विमानात सायकल ज्या पेटीत जाते, त्याच पेटीला खाली उतरल्यावर दोन चाके लावायची आणि ती सायकलीमागे गाडीसारखी ओढायची. सामान त्या पेटीत. म्हणजे आधी पेटीने सायकल वाहायची, मग सायकलीने पेटी. याहून सरळ हिशेब कुठला?

आता तुमच्या-आमच्या कामाचे बोलू. लांबच्या प्रवासाला घडीच्या सायकलीसाठी पिशवी निवडायची झाली, तर दुकानात जाण्यापूर्वी घरी सामानाची यादी करा. टॉमस स्टीव्हन्स या गृहस्थाने १८८४ साली सान फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणा आरंभली. वाटेत तो आपल्या ग्रँड ट्रंक रस्त्यानेही गेला. निघताना त्याच्याजवळ होते ते मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल, आणि पावसाचा एक डगला, जो रात्री तंबूचेही काम करी. आपल्याला पिस्तूल नको. पण एका वस्तूकडून दोन कामे घेण्याची ती युक्ती अवश्य घ्यावी. यादी अर्धी झाली, की पिशवीचा अर्धा प्रश्न सुटला.

मग जागा ठरवा. जड सामान खाली आणि दांड्याला जोडलेल्या कॅरिअरवर. हँडलला काहीही लटकवू नका. घडीच्या सायकलीची हँडलची दांडी लांब असते, तिला बिजागरी असते, आणि ओझ्याचा झोका थेट तिथे बसतो. मागे बाजूच्या पिशव्या लावायच्या असतील, तर त्या उथळ घ्या. चाक लहान असल्याने खोल पिशवी जमिनीला घासते. पिशवी बांधून झाली, की पायडल हाताने उलटे फिरवून पाहा. चपलेची टाच तिला लागते का ते तिथल्या तिथे कळेल. हत्यारे आणि जादा ट्यूब सर्वांत वर ठेवा, तळाशी नव्हे. आणि ट्यूब आपली आपणच न्या, बरं का! १६ इंच असे लिहिलेली सगळी चाके एकाच मापाची नसतात, आणि वाटेवरच्या दुकानात मिळेल ती बहुधा मुलांच्या सायकलीची.

शेवटी एक परीक्षा घ्या. शिक्षक मित्रांनो, ही तुम्ही शाळेतच घेऊ शकता. सायकल मिटा, सगळे सामान घ्या, आणि शाळेचा जिना एका खेपेत चढा. वर पोचेपर्यंत काहीही खाली ठेवायचे नाही आणि परत खाली यायचे नाही. जमले, तर तुमची निवड बरोबर. नाही जमले, तर पिशवी बदलू नका, आधी सामान कमी करा.

मी आता दोनच पिशव्या नेतो. एक पुढे दांड्याला अडकते, ती हातात येते. दुसरी लहान, खांद्यावरची. टिपणांची वही या दुसऱ्या पिशवीत असते, आणि गाडीत चढताना ती अंगावरून कधी उतरत नाही. त्या चहावाल्या बाई प्रत्येक स्टेशनावर भेटतीलच, याची हमी कोण देणार?