पान हलले तरी पत्ता हलू नये

जुन्या लेखातली एखादी लिंक उघडावी आणि समोर '४०४, पान सापडले नाही' असे यावे, हा अनुभव आता सगळ्यांनाच आहे. पुष्कळदा पान नाहीसे झालेले नसते, फक्त त्याचा पत्ता बदललेला असतो.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत वेब उभे केले, तेव्हा पत्ता म्हणजे बहुतेक वेळा सर्व्हरवरच्या फाइलची जागाच असे. आधी फोल्डर, मग फाइल, शेवटी एचटीएमएल. पुढे पाने डेटाबेसमधून तयार होऊ लागली आणि पत्त्यात प्रश्नचिन्हे व आकडे शिरले. 'आयडी=५७' यावरून लेख कशावर आहे ते कळत नाही, आणि सॉफ्टवेअर बदलले की तो आकडाही निकामी होतो.

एप्रिल १९९६मध्ये राल्फ एंगेलशाल यांनी अपाची सर्व्हरसाठी 'मॉड-रीराइट' लिहिले आणि जुलै १९९७मध्ये ते अपाची ग्रुपला देऊन टाकले. त्याचे काम मोहल्ल्यातल्या जुन्या पोस्टमनसारखे आहे. पाकिटावर 'मशिदीमागे, शेखचाचा' एवढेच असले तरी घर कोणते हे त्याला ठाऊक असते. वाचक 'लेख/वक्फचा-इतिहास' मागतो. सर्व्हर आपल्या नियमांत त्याच्याशी जुळणारा नमुना शोधतो आणि आतल्या आत ५७ क्रमांकाचे पान आणून देतो. वाचकाला दिसणारा पत्ता तसाच राहतो. पत्ता खरोखरच बदलला असेल, तर ३०१ हा संकेत ब्राउझरला नव्या मुक्कामी पाठवतो.

१९९८मध्ये बर्नर्स-ली यांनी एका टिपणात बजावले की पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात. लेखकाचे नाव, फाइलचा प्रकार, सॉफ्टवेअरची खूण असे बदलू शकणारे काहीच पत्त्यात घालू नका, असे त्यांचे म्हणणे होते.

मराठीची अडचण आणखी एक. पत्त्याचे मूळ नियम रोमन अक्षरे धरून झाले. त्यामुळे देवनागरीतले प्रत्येक चिन्ह आत तीन बाइटांचे होते आणि टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरे खाते. 'लेख' एवढ्या शब्दाची सत्तावीस अक्षरे होतात! ब्राउझरमध्ये सुबक दिसणारा पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवला की अनेकदा मारुतीच्या शेपटासारखा लांबतो. म्हणून अनेक जण मराठी लेखालाही रोमन पत्ता देतात.

सर्नने २०१३मध्ये जगातली पहिली वेबसाइट तिच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभी केली. ती संस्था मोठी, म्हणून हे जमले. मराठी मुसलमानांचे बरेचसे लेखन आज छोट्या संकेतस्थळांवर आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठल्या ग्रंथालयात असेलच असे नाही. आपल्या लेखाचा संदर्भ कुणी प्रबंधात दिला, कुणी मुलीला वाचायला पाठवला, की तो पत्ता आपल्याकडे अमानत होतो. संकेतस्थळाचा साज खुशाल बदला, पण जुन्या पत्त्यांसाठी दोन ओळींचा नियम लिहायला विसरू नका.