एकाच घाटातले दोन चालक

कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारा थळ घाट रेल्वेने १८६५ साली सर केला. आजही तिथे ३७ फुटांत १ फूट असा चढ आहे, आणि वर जाणाऱ्या गाडीला मागून रेटायला कसाऱ्याला बँकर इंजिने जोडावी लागतात. शेजारूनच मुंबई-आग्रा रस्ता चढतो. त्यावर भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये, एका माणसाच्या भरवशावर चाललेला असतो. घाट एक, माल बहुधा तोच. पण या दोन चालकांच्या श्रमाचा इतिहास अगदी वेगळा आहे. ट्रकचालकाला ‘बेफिकीर’ म्हणून मोकळे होण्याआधी तो इतिहास पाहायला हवा.

रेल्वेचालकाचे तास आपोआप ठरले नाहीत. १९१९च्या वॉशिंग्टन परिषदेतला कामाच्या तासांचा करार हिंदुस्थानने १९२१ साली मान्य केला, १९३० साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली आणि पुढच्या वर्षी नियम आले. इंजिनावरची माणसे मात्र या नियमांतून वगळली होती. त्यांना आत आणण्याची शिफारस केली ती मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. राजाध्यक्ष यांनी, १९४७च्या निवाड्यात. तरीही चालक चौदा-चौदा तास इंजिनावर असत. ऑगस्ट १९७३मध्ये इंजिनचालकांनी देशभर संप केला, तेव्हा कुठे दहा तासांचे तत्त्व सरकारने कबूल केले. या लढ्यात कामगारांच्या हाताशी एक हत्यार होते: नोंद. गाडी कुठल्या स्टेशनातून किती वाजता सुटली हे रेल्वेला स्वतःच्याच सोयीसाठी लिहून ठेवावे लागे. त्यामुळे चालक किती वेळ जागा आहे, हेही त्याच वहीत सापडे.

ट्रकचालकाला कायदा नव्हता असे नाही. १९३९च्या मोटार वाहन कायद्यातच पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्यासाठी परवानगीने १० आणि ५४, आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तास विसावा, इतके सगळे लिहिले. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांपुरता होता. पण १९८८च्या कायद्याच्या ९१व्या कलमाने हेच तास मालवाहू गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला लावले. कागदावर थळ घाटातले दोन्ही चालक जवळपास बरोबरीला आले. फरक एवढाच की ट्रकचे तास कोणी लिहीत नव्हते. युरोपीय समुदायाने १९७० साली ट्रकमध्ये टॅकोग्राफ बसवण्याचा नियम केला, म्हणजे गाडीच आपली वही लिहू लागली. आपल्याकडे तपासनिसाने गाडी अडवली तर तो परवाना, वजन, विमा पाहतो. ‘शेवटचा कधी झोपलास?’ हे त्याच्या कोणत्याच रकान्यात नाही.

आता लासलगावला जाऊ. सकाळी कांद्याचा लिलाव. मग माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो, तिथे निवडणी, प्रतवारी, गोण्या भरणे. गाडी मात्र सकाळपासूनच दाराशी लागलेली. हमालांनी शेवटची गोणी चढवली, ताडपत्री-दोर आवळले, बिल्टी हातात पडली की संध्याकाळ झालेली असते. चालकाचा कायदेशीर दिवस इथेच संपत आला आहे. त्याच्या हिशेबात तो अजून सुरूही झालेला नाही. कांदा कोंडला की तापतो, तापला की सडतो, म्हणून रात्रीच निघायचे. चांदवडचा राहुड घाट, मालेगाव, धुळे, पुढे सेंधवा, आणि दिल्ली बाराशे किलोमीटरच्या आसपास.

मराठीत यासाठी एक जुना नेमका शब्द आहे, ‘खोटी’. खोटी होणे म्हणजे दुसऱ्याच्या कारणाने अडकून पडणे. ट्रकचालकाचे निम्मे आयुष्य खोटीत जाते, आणि उरलेले ती भरून काढण्यात. २०२०मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशनने दहा शहरांतल्या हजाराहून अधिक चालकांची पाहणी प्रसिद्ध केली. सरासरी चालक दिवसाला १२ तास काम करून ४१७ किलोमीटर कापतो, असे त्यात आले. निम्म्यांनी थकवा किंवा झोप असतानाही गाडी चालवत असल्याचे सांगितले. भागाकार करून पाहा, तासाला ३५ किलोमीटरसुद्धा भरत नाहीत. ज्याला आपण भरधाव म्हणतो त्याचा दिवसाचा वेग हा आहे.

ही खोटी कमी करण्याचे प्रयत्न झाले. नाशिकला विल्होळीच्या जकात नाक्यावरच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते सांगायला नको. २०१३मध्ये नाशिकची जकात गेली, १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर मुंबईचीही गेली. २०२१च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला. ई-वे बिलाची कथा तर उद्बोधक आहे. २०१८मध्ये ते दर १०० किलोमीटरला एक दिवस चाले. १ जानेवारी २०२१पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस. रस्त्यावरच्या गतीचा सरकारी अंदाज असा एका फटक्यात दुप्पट झाला. नाक्यावर वाचलेले तास चालकाच्या झोपेत जमा झाले का? मला तसे दिसत नाही. गाडीचा बँकेचा हप्ता महिन्याला ठरलेला, भाडे फेरीवर. वाचलेला वेळ मालक पुढच्या फेरीत घालतो, आणि एक-दोन गाड्यांच्या मालकाला दुसरा मार्गही नसतो. चालकालाही फेरीच्या खर्चाची ठोक रक्कम मिळते. त्यातून जे उरेल ते त्याचे.

आणि तरीही या धंद्यात चांगल्या कामाची एक कल्पना आहे, ती वेगाची नाही. घाट उतरताना ब्रेक तापवायचे नाहीत, ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचे. टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची. गोणी एक कमी भरली तर बोलणी आपल्याला बसणार, म्हणून मोजून घ्यायची, मोजून द्यायची, आणि पोच पावती जपायची. हे सगळे क्लीनर म्हणून राबताना शिकायचे असते. शाळा नाही, दाखला नाही, उस्ताद हीच शाळा. खर्च वाचवायला क्लीनर कमी झाले, त्यात ही शाळा बंद पडत चालली, आणि पहाटे तीनला ‘डोळा लागतोय का?’ विचारणारे शेजारचे माणूसही गेले. हे नुकसान कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

जानेवारी २०२४मध्ये हे चालक एकदा दिसले. भारतीय न्याय संहितेच्या १०६(२) कलमात अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होती. मनमाडजवळच्या पानेवाडीला इंधन कंपन्यांचे डेपो आहेत. तिथल्या टँकरचालकांनी १ तारखेला चाके थांबवली आणि पंपांवर रांगा लागल्या. पळणे समर्थनीय नाही. पण थांबलेल्या चालकाचे जमाव काय करतो, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी दिल्लीत तोडगा निघाला. सरकारने चर्चा केली ती ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी, म्हणजे मालकांच्या संघटनेशी. १९७३च्या इंजिनचालकांची स्वतःची संघटना होती. १ जुलै २०२४ला संहिता लागू झाली तेव्हा ते एक उपकलम मागे ठेवले गेले. तासांचा विषय त्या चर्चेत नव्हताच.

५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट आता काही मिनिटांत मागे पडतो. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, आणि घामाने भिजलेल्या केबिनमध्ये उन्हाळा काढलेल्यांना त्याचे मोल कळेल. इगतपुरीला रेल्वेचालकासाठी रनिंग रूम आहे. तो तिथे सही करून झोपतो आणि त्याची गाडी दुसरा माणूस पुढे नेतो. ट्रकचालक गाडीखाली, नाहीतर ढाब्याच्या बाजेवर पडतो. गाडी पुढे नेणारा दुसरा कोणी नाही, म्हणून डिझेल चोरीला जाऊ नये यासाठी एक डोळा टाकीवर ठेवून.