हिरकणी आणि आजीचे तावदान

आमच्या नगरच्या वाड्याला माडीवर रंगीत तावदाने होती. दुपारी ऊन आले की आजीच्या पांढऱ्या पातळावर तांबडा ठिपका पडे आणि आम्ही पोरे तो चिमटीत धरू पाहत असू. वाडा पडला तेव्हा वाटणीत थोरल्या काकांना जागा मिळाली, धाकट्यांना भांडी आणि मला एक तांबडे तावदान. तेही तडकलेले!

तडा कापून काढावा आणि उरलेले तुकडे चर्चच्या खिडकीसारखे शिशाच्या पट्टीत बसवावेत, असे मी ठरवले आणि हत्यारांसाठी पुण्याचा जुना बाजार गाठला. (तो बुधवारी आणि रविवारी भरतो. मी आधी मंगळवारी गेलो होतो, हे सौ.ला अजून ठाऊक नाही.) एक सोल्डरिंग आयर्न, एक पक्कड आणि चाकाचा एक काचकटर असा ऐवज ४०० रुपयांत पदरात पडला.

"इंग्रजांच्या वेळचा आहे साहेब. राजाबाई टॉवरच्या रंगीत काचा यानंच कापल्या!" विक्रेता म्हणाला.

घरी येऊन तारखा ताडल्या. पोलादी चाकाचा कटर अमेरिकेतल्या सॅम्युअल मॉन्सने १८६९ साली काढला. टॉवर पुरा झाला १८७८ साली. थाप खरी, पण कालगणनेला धरून! दुर्दैवाने मधल्या काळात चाकाची धार गेली होती. काच खरे तर कापत नाहीत. बारीक चरा ओढतात आणि चऱ्यावर मोडतात. माझ्या हातची काच चरा सोडून बाकी सगळीकडे मोडू लागली. एक तुकडा असाच गेला आणि पोटात धस्स झाले. वाडा काही पुन्हा पडणार नव्हता.

शेवटी चितळे रोडवरचा एक फ्रेमवाला गाठला. त्याने वडिलांची हिरकणी काढली. रायगडाचा कडा उतरणारी नव्हे, काच कापायची! चाक येण्याआधी कित्येक शतके जग याच हिऱ्याच्या कणावर भागवीत होते. त्याआधी तर तापले लोखंड टेकवून काच तडकवीत. दोन रेघा, दोन टिचक्या, काम फत्ते.

"डाख तुम्हीच द्या, पण खिडकी उघडी ठेवून. शिसं वाईट," तो म्हणाला. "आणि जपा. तांबड्या रंगासाठी काचेत तांबं घालतात, कधी सोनंसुद्धा."

हे दुसरे वाक्य ऐकल्यापासून सौ. तावदान रोज स्वतः पुसते.

आमचा फ्लॅट पूर्वाभिमुख. त्यामुळे ठिपका आता सकाळी पडतो, तोही दुधाच्या हिशेबाच्या वहीवर. सौ. वही नेमकी त्याच वेळी उघडते आणि हिशेब न करता बराच वेळ बसते. मी काही विचारत नाही.