करडाचं दूध तोडताना



करडू पहिल्यांदा आईपासून वेगळं केलं की दोन-तीन रात्री घरात कुणाला झोप लागत नाही. इकडे करडू ओरडतं, तिकडे शेळी. आमच्या गटातल्या एका ताईंनी पहिल्यांदाच शेळी घेतलेली. त्यांना ते ऐकवेना. मध्यरात्री उठून त्यांनी करडू परत आईपाशी सोडलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “लेकराला आईपासून तोडायचं, हे पाप तर नव्हे?”

हा प्रश्न आज इतिहासाला विचारू या.

शेळी माणसाच्या दारात आली ती सुमारे १०,००० वर्षांपूर्वी. इराणच्या पश्चिमेला झाग्रोस डोंगरात गंज दरेह नावाची एक जुनी वस्ती सापडली आहे. तिथल्या मातीच्या विटांवर खुरांचे ठसे आहेत. ओल्या विटा वाळत घातल्या आणि जनावरं त्यावरून चालत गेली! तिथली हाडं सांगतात की बोकड बहुतेक लहानपणीच कापले जात आणि शेळ्या मोठ्या होईपर्यंत राखल्या जात. आपणही आज हेच करतो: पाठ राखतो, बोकड विकतो.

पुढे माणूस दूधही घेऊ लागला. तुर्कस्तानात जवळपास ९,००० वर्षांपूर्वीच्या खापरांमध्ये दुधाची चरबी मुरलेली आढळली आहे. जनावराची धार काढायची म्हटलं की वाटणी आलीच. कास एक, खाणारी तोंडं दोन: करडू आणि घर.

ही वाटणी कशी करत? ग्रीक कवी होमर याच्या ‘ओडिसी’ या सुमारे २,७०० वर्षांपूर्वीच्या काव्यात एक डोळ्याचा राक्षस आहे, तो मेंढपाळ. माणसं खाणारा, पण वाड्याचं काम नेटकं. थोरली, मधली आणि नुकती जन्मलेली पिल्लं तो वेगवेगळी कोंडतो. संध्याकाळी धार काढतो, मग प्रत्येक आईखाली तिचं पिल्लू सोडतो.

त्यानंतर सुमारे ७०० वर्षांनी रोमन कवी व्हर्जिल याने शेतीवर काव्य लिहिलं. त्यात वेगळी रीत येते: मोठ्या झालेल्या करडांना आईपासून दूर ठेवायचं आणि तोंडाला लोखंडी टोकांचं मुसकं बांधायचं. करडानं तोंड लावलं की आईला टोचणार, आणि तीच त्याला झिडकारणार.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला ३,००० वर्षांपूर्वीचे शेतकरी शेळ्या-मेंढ्या पाळत, हे डेक्कन कॉलेजच्या उत्खननातून कळलं. ते करडं कशी तोडत ते हाडं सांगत नाहीत. पण माझी आजी करडं डालग्याखाली कोंडायची आणि वेळेला सोडायची. आईला न टोचता, वेळ वाटून.

तेव्हा ताईंना मी सांगितलं: तोडणं पाप नाही, घाईनं तोडणं वाईट. जन्मलेल्या करडाचं रवंथ करायचं पोट तयार नसतं, त्याला दूधच हवं. कोवळा पाला, चारा चघळत ते पोट वाढतं. म्हणून दोन आठवड्यांपासून थोडा पाला पुढे टांगा. साधारण तीन महिन्यांनी, वजन जन्माच्या अडीचपट झालं आणि करडू चारा नीट खाऊन रवंथ करू लागलं, की तोडायला घ्या. आधी एक वेळचं दूध बंद करा, मग दुसऱ्या वेळचं. करडू ओळखीच्या जागी, सोबतच्या करडांबरोबर राहू द्या. हलवायचं तर आईला हलवा. तिची कास रोज चाचपा. कास कडक, गरम लागली तर दगडी असू शकते, लगेच पशुवैद्यकांना दाखवा. आणि बोकड याच वेळी पाठींपासून वेगळे करा, नाहीतर पाठी कोवळ्या वयातच गाभण राहतात.

दूध सुटलं तर शेळी अंगानं भरते, पुढच्या वेताला तयार होते. आपलं अंगावरचं दूध तोडताना आपणही रडलो होतो, पण लेकरू भाकरी खायला शिकलंच ना!

ताईंनी या खेपेला हळूहळू तोडलं. करडू एक रात्र ओरडलं. दुसऱ्या रात्री शेवरीचा पाला खाऊन झोपलं.

तुमच्या आजीची रीत काय होती? गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा आणि आम्हालाही कळवा.