शिब्बोलेथपासून आयेल्ट्सपर्यंत

(नभोवाणीवरील भाषण)

हैदराबादेत मलकपेठेहून दिलसुखनगराकडे जाताना इंग्रजीच्या परीक्षांची तयारी करून देणाऱ्या शिकवणीवर्गांच्या पाट्या दृष्टीस पडतात. परदेशी शिक्षण घेऊ पाहणारे विद्यार्थी, इस्पितळांतील परिचारिका, नोकरीसाठी देशांतर करू इच्छिणारी कुटुंबे, या सर्वांस आज भाषेच्या परीक्षेचे दार ओलांडावे लागते.

याच वाटेवर मुसारामबाग लागते. हे नाव मुळात एका फ्रेंच सेनानीचे. निजाम अलीखानाच्या पदरी असलेला रेमाँ १७९८ साली वारला. त्याची समाधी याच परिसरातील टेकडीवर आहे. 'मोस्यू रेमाँ' हे उच्चार लोकांच्या जिभेवर बसेनात, तेव्हा कोणी त्याला मुसाराम केले, तर कोणी मुसा रहीम. परक्याचा उच्चार आपल्या मुखात मुरवून त्याला आपलासा करण्याची ही एक रीत झाली.

याच्या उलट रीतीची कथा बायबलातील 'शास्ते' या पुस्तकात आहे. युद्धात पराभूत झालेले एफ्राइमी लोक यार्देन नदीच्या उतारावरून पळू लागले, तेव्हा गिलादी पहारेकऱ्यांनी प्रत्येकास 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारावयास लावला. ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघाले, त्याचा वध झाला. एका अक्षरावर मनुष्याचे जीवित ठरले! येथे भाषाज्ञान जोखावयाचे नव्हतेच. शत्रू कोण एवढेच ओळखावयाचे होते.

आधुनिक काळी हीच युक्ती कायद्याच्या पोशाखात अवतरली. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत हिंदी लोकांची वाढती वस्ती गोऱ्या वसाहतवाल्यांना खुपू लागली. १८९७ साली तेथे कायदा झाला की, येणाऱ्याने युरोपातील एखाद्या भाषेच्या लिपीत स्वहस्ते अर्ज लिहावा. कायद्यात हिंदी माणसाचा उल्लेख नव्हता, परंतु रोख त्याच्यावरच होता. हाच नमुना पुढे ठेवून ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये श्रुतलेखनाची परीक्षा घालून दिली. अधिकाऱ्याने युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा सांगावा आणि येणाऱ्याने तो लिहावा. भाषा कोणती, हे मात्र अधिकाऱ्याने ठरवावे! १९०९ नंतर या परीक्षेत कोणीही उत्तीर्ण झाले नाही. १९३४ साली एगॉन किश या बहुभाषी पत्रकारास नाना भाषा येत असल्यामुळे स्कॉटलंडमधील गेलिक भाषेत श्रुतलेखन घालण्यात आले. अखेर तेथील सर्वोच्च न्यायपीठाने गेलिक ही त्या कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषा नव्हे, असा निर्णय दिला.

खऱ्या अर्थाने भाषा जोखणारी परीक्षाही याच काळात जन्मास आली. १९१३ साली केंब्रिज विद्यापीठाने परभाषिकांसाठी इंग्रजीची परीक्षा घेतली. ती सुमारे बारा तास चालली. तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. परीक्षा कठीण होती, पण अभ्यास करणाऱ्यास तिचा मार्ग खुला होता. कठीणपणा आणि कपट यांतील भेद हाच होय.

१९५८ हे वर्ष या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या कायद्याने ऑस्ट्रेलियाने श्रुतलेखनाची परीक्षा रद्द केली आणि त्याच वर्षी हैदराबादेत, मलकपेठेहून मुसी ओलांडून उत्तरेस, इंग्रजी शिकविणाऱ्या अध्यापकांना तयार करण्यासाठी केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. पुण्यात व सांगलीस अध्यापन केलेले कन्नड कवी विनायक कृष्ण गोकाक हे तिचे संचालक होते. एके ठिकाणी भाषेच्या नावाने लावलेला अडसर निघाला, तर दुसरीकडे भाषा नीट शिकविण्याची सोय झाली.

पुढे १९६४ मध्ये अमेरिकेत टोफेल सुरू झाली आणि १९८९ मध्ये ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील संस्थांच्या सहकार्याने आयेल्ट्स. जो देश एकेकाळी गेलिक भाषेत श्रुतलेखन घालीत होता, त्यानेच आता श्रवण, वाचन, लेखन व संभाषण या चार अंगांची, पूर्वी जाहीर केलेल्या नियमांची परीक्षा उभारण्यास हात दिला. ही प्रगती मान्य केलीच पाहिजे.

तथापि एक प्रश्न उरतोच. आयेल्ट्सच्या गुणपत्रात नऊपर्यंतच्या श्रेणी असतात आणि अर्ध्या श्रेणीच्या उणिवेने एखाद्याचा प्रवास अडू शकतो. हे गुण सामान्यतः दोनच वर्षे ग्राह्य धरले जातात. रुग्णाची तक्रार परिचारिकेला समजावी, ही अपेक्षा योग्यच आहे. परंतु कामाला लागेल त्याहून अधिक भाषा मागितली, तर परीक्षा पुन्हा यार्देनच्या उतारावर जाऊन उभी राहते. म्हणून कोणत्याही परीक्षेला आपण दोन प्रश्न विचारावेत: ती ज्ञान मोजते की मनुष्य अडविते? आणि तीत उतरण्याचा मार्ग कष्ट करणाऱ्यास मोकळा आहे काय?

आणि विद्यार्थ्यांनो, इंग्रजी अवश्य शिका, चांगली शिका. पण त्या गुणपत्रावरून स्वतःची किंवा आपल्या मायबोलीची किंमत ठरवू नका. मोस्यू रेमाँचा मुसाराम करणाऱ्यांना फ्रेंच येत नव्हते, तरी दोनशेहून अधिक वर्षे त्याचे नाव त्यांनीच राखले आहे.