मणक्यांतील मळसूत्र

रावेर-यावलच्या बागांतून केळीचा घड उतरविणारा मजूर वीस-पंचवीस किलोंचें ओझें खांद्यावर घेऊन बांधापर्यंत चालत येतो, आणि धुळ्याच्या बाजारांतला हमाल दिवसभर पोतीं वाहतो. अशा माणसाची कंबर एकदां धरली कीं घरांत प्रथम तेल व शेक, नंतर हाडवैद्य. आणि बहुतेकांना विश्रांतीनेंच बरें वाटतें. हें आधींच सांगितलेलें बरें. कारण पुढील हकीकत थोड्यांची आहे. त्यांची कंबर नुसती दुखत नसते. एक मणका खालच्या मणक्यावरून पुढें घसरलेला असतो आणि पायाकडे जाणारी नस चेंगरलेली असते. या विकाराचें वर्णन बेल्जियममधील प्रसूतिवैद्य हर्बिनिओ यानें १७८२ सालीं केलें. प्रसूतीच्या मार्गांत अडथळा कां येतो, हें शोधतांना त्याला तो आढळला.

घसरणारे मणके एकमेकांस कायमचे सांधून टाकावे, ही कल्पना मात्र दुसऱ्याच रोगांतून आली. १९११ सालीं न्यूयॉर्क येथें हिब्ज व आल्बी या दोन शस्त्रवैद्यांनीं क्षयानें पोखरलेले मणके सांधण्याच्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या. आल्बीनें नडगीच्या हाडाची पट्टी काढून पाठींत बसविली; हिब्जनें मणक्यांचींच हाडें सोलून एकमेकांवर वळविलीं. धातूचा कणहि नव्हता. रोग्यानें आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राहावें, आणि एवढें करून कित्येकदां हाड जुळूं नये! मणक्यांत स्क्रू आला, तो या खिळून राहण्याला पर्याय म्हणून.

प्रश्न एवढाच होता कीं, स्क्रू कोठून घालावा. मणक्यांच्या मागें दोन्ही बाजूंस लहान सांधे असतात. अमेरिकेंतील डॉन किंग यांनीं १९४४ सालीं त्या सांध्यांतूनच आखूड स्क्रू आरपार घालण्याची रीत प्रसिद्ध केली. रीत सोपी होती. परंतु इतरांच्या हातीं तिला तसें यश आलें नाहीं. कॅनडांतील बूशे यांनीं १९५९ सालीं अधिक लांब स्क्रू वापरून तो मणक्याच्या देठापर्यंत नेला. मणक्याचा पुढील भरीव भाग आणि मागील कमान यांना जोडणारा हाडाचा जो आखूड दांडा, तोच हा देठ. घडाचें सारें वजन जसें दांड्यावर, तशी मणक्याची बळकटी या देठांत. पॅरिसचे रॉय-कामी यांनीं १९६३ पासून देठांतून थेट पुढच्या भागांत जाणारे स्क्रू व त्यांना जोडणारी पट्टी वापरली, आणि १९७० सालीं ती पद्धत जगापुढें मांडली. पकड अशी घट्ट पूर्वीं कोणासच साधली नव्हती. पण देठ केवढा, तर काहीं मणक्यांत जेमतेम सात-आठ मिलिमीटर रुंद. त्यांत सहा मिलिमीटरांच्या आसपास जाडीचा स्क्रू न्यावयाचा, आणि आंतल्या अंगाला लागूनच नस!

१९९० नंतर अमेरिकेंत या स्क्रूंच्या कारखानदारांविरुद्ध हजारों दावे दाखल झाले आणि १९९८ सालीं तेथील सरकारी नियामकानें त्यांचें वर्गीकरण नव्यानें केलें. त्या गदारोळापेक्षां एक शांत चांचणी अधिक बोलकी आहे. फिशग्रुंड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं ती प्रसिद्ध केली. घसरलेल्या मणक्याच्या सर्व रोग्यांची नस मोकळी करून हाडाचे तुकडे बसविले. कांहींना स्क्रू घातले, कांहींना नाहीं. दोन वर्षांनीं ६७ जण तपासले, तेव्हां स्क्रू असलेल्यांपैकीं ८२ टक्क्यांचें हाड जुळलें होतें, नसलेल्यांपैकीं ४५ टक्क्यांचेंच. पण प्रकृति चांगली असल्याचें प्रमाण पाहावें, तर पहिल्यांत ७६ टक्के आणि दुसऱ्यांत ८५! मग स्क्रू कशाला, असा प्रश्न साहजिकच निघाला. त्याचें उत्तर २००४ पर्यंत मिळालें नाहीं. त्या वर्षीं स्क्रूविना शस्त्रक्रिया झालेल्या ४७ जणांची सरासरी सात वर्षें आठ महिन्यांनंतरची स्थिति प्रसिद्ध झाली. हाड जुळलेल्यांपैकीं ८६ टक्के सुखी होते, न जुळलेल्यांपैकीं ५६ टक्के. दोन वर्षांत जो हिशेब दिसला नव्हता, तो इतक्या उशिरां दिसला.

दरम्यान शस्त्रवैद्यांचें लक्ष छेदाकडे वळलें होतें. देठ उघडा करण्यासाठीं पाठीचे स्नायू दोन्ही अंगांनीं सोलावे लागत, आणि त्यांची इजा पुष्कळ काळ पुरे. स्वित्झर्लंडच्या सेंट गालेन येथील मागर्ल यांनीं १९७७ पासून त्वचेतूनच स्क्रू आंत नेले; पण जोडदांडी शरीराबाहेर राही, आणि तेथून जखम चिघळण्याची भीति असे. १९८४ सालीं त्यांनींच दुसरी वाट दाखविली : एका बाजूनें शिरून मणक्याच्या कमानीतून तिरपा जाणारा आणि पलीकडचा लहान सांधा पकडणारा स्क्रू. यास धातु थोडा लागतो. परंतु कमान शाबूत हवी. नस मोकळी करण्यासाठीं ती काढून टाकली असेल, तर हा मार्ग बंद.

शेवटीं २००१ सालीं अमेरिकेंतील फोली यांनीं जोडदांडीहि कातडीखालीं नेली. खलाशांच्या कोनमापक यंत्राचें ‘सेक्स्टंट’ हें नांव घेतलेलें एक वक्र उपकरण दांडीला वर्तुळाच्या कमानीवरून फिरवून नेमकें स्क्रूंच्या माथ्यांत आणून सोडतें. दोन सेंटिमीटरांचे छेद पुरतात आणि रक्त थोडें जातें. मोबदला असा कीं, शस्त्रवैद्याचा डोळा गेला आणि त्याच्या जागीं क्ष-किरणांची छाया आली. त्या किरणांचा कांहीं अंश रोज त्याच्याहि अंगावर पडतो. २००९ सालीं सांतोनी व सहकाऱ्यांनीं आणखी एक वाट सुचविली. स्क्रू मधल्या बाजूनें शिरून वर व बाहेर जातो आणि भुसभुशीत गाभ्याऐवजीं हाडाचें कठीण कवच धरतो. शवांच्या मणक्यांवर त्याला उपटण्यास ३० टक्के अधिक जोर लागला. वयानें हाडें विरलेल्या स्त्रियांसाठीं ही वाट विशेष विचारणीय आहे. मात्र शवानें दिलेला पुरावा जिवंत माणसाच्या पुराव्याइतका मोठा नव्हे.

खानदेशांतील रोग्यास या साऱ्यासाठीं पूर्वीं मुंबई गांठावी लागे. धुळें-चाळीसगांव लोहमार्ग १९०० सालीं झाला. धुळ्याच्या माणसानें दुखरी कंबर घेऊन चाळीसगांवास गाडी बदलावी, जळगांवच्या माणसानें सव्वाचारशें किलोमीटर बाकावर अवघडून काढावे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस धुळ्यास आणि २०१८ सालीं जळगांवास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें, तेव्हां निदान सल्ल्याची व क्ष-किरण चित्राची वाट जवळ झाली.

एक अडचण मात्र नव्या पद्धतीनेंच निर्माण केली आहे. हिब्जचा रोगी महिनोन्‌महिने निजून असे. आजचा दुसऱ्या दिवशीं उभा राहतो, पंधरवड्यांत त्याचे छेद भरतात, आणि आपण बरे झालों असें त्याला वाटूं लागतें. हाड जुळण्यास मात्र अजूनहि सहा महिने ते वर्ष लागतें. तोंपर्यंत सारा भार स्क्रू सोसत असतो. बागेंतला घड तर तितके दिवस थांबत नाहीं.